पूजेनंतर सांगते

पंडितजींनी माझ्या उजव्या तळव्यावर पळीभर पाणी घातलं, त्यात अक्षता, सुपारी आणि झेंडूची एक पाकळी टाकली आणि म्हणाले, "दीदी, नाम और गोत्र बोलिए." तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आपण पाटावर बसलोय. बसलोय म्हणजे काय, बसवलंय. घटकाभरापूर्वी मी मागे वजनकाट्याच्या भिंतीला टेकून मजेत उभी होते. विश्वकर्मा पूजेचा दिवस, रायपूरजवळच्या आमच्या उरला गावातल्या सगळ्या कारखान्यांत भट्ट्या बंद. एरवी जिथे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं तिथे आज माणसाचं साधं बोलणं ऐकू येत होतं आणि त्या शांततेत मला चक्क झोप येत होती. तेवढ्यात सेठ माइकवर म्हणाले, "इस बार पूजा में हमारी कौमुदी दीदी बैठेंगी. मिल में अब सबसे पुरानी वही हैं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अशी मी शहाणी. मग कोणी माझ्या हातातली पर्स घेतली, कोणी म्हणालं दीदी पदर डोक्यावर घ्या, आणि मी गेले आणि बसले. एवढ्या माणसांसमोर हाक मारल्यावर नाही कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलंच नाही.

सबसे पुरानी. आमच्या लोखंडाच्या मिलमध्ये पुराना म्हणतात ते बेअरिंगला, मोटारीला, ट्रकच्या टायरला. माणसाला म्हणायचे ते फक्त शालिग्रामकाकांना. काका मिलचे फिटर, गोंदियाकडचे, आणि गेली कित्येक वर्षं या पाटावर तेच बसत आले. उन्हाळ्यात ते रिटायर होऊन गोंदियाला मुलाकडे गेले, तेव्हा आता पूजेला कोण बसणार हा प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा नाही. इतरांच्या मनात आला असेल. आज काका सकाळच्या गाडीने मुद्दाम आले होते, कारण त्यांचा नारळ त्यांनाच सोडायचा होता. आमच्या मिलची ही रीत आहे. पूजेला बसणारा कलशावरचा नारळ लाल कापडात बांधून आपल्या खात्याच्या दारावर टांगतो आणि पुढच्या पूजेला त्याच हाताने तो सोडतो. म्हणजे बसणारा माणूस वर्षभर कुठे जात नाही. तसं लिहिलेलं कुठे नाही, कोणी सांगतही नाही. पण काकांच्या आधी एका वर्षी एक इलेक्ट्रिशियन बसला आणि होळीला नोकरी सोडून रायगढला गेला, तर त्याचा नारळ तसाच टांगलेला राहिला. कोणी हात लावेना. सुकून आतल्या आत खडखडायचा आणि त्याच्याखालून जाताना चांगली धडधाकट माणसं मान वाकवून जायची.

आणि मला आज संध्याकाळी सहाच्या आत फोन करायचा होता. नया रायपुरात एक नवी टेस्टिंग लॅब निघाली आहे. सिमेंट, पाणी, लोखंड, सगळं तपासतात. त्यांनी मला केमिस्ट्री विभाग सांभाळायला बोलावलं होतं. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं. खरं तर ते दोन आठवड्यांपूर्वीच विचारत होते. मीच म्हटलं, पूजेनंतर सांगते. उरल्यात असंच असतं. पूजेआधी कोणी नोकरी सोडत नाही, बरं दिसत नाही. पूजेनंतर दिवाळी आलेली असते, तेव्हा तर कोणीच सोडत नाही. दिवाळी झाली की मार्चची घाई, मार्च झाला की इन्क्रिमेंट बघू, ते बघेपर्यंत पाऊस, पावसात कुठे नवीन ठिकाणी जायचं, आणि पाऊस ओसरला की पुन्हा गेटवर मांडवाचे बांबू पडलेले दिसतात. या चक्रात मी इतकी वर्षं आरामात फिरले. यंदा पहिल्यांदाच कोणाला तरी नक्की तारीख दिली आणि तारीख अशी अक्कलहुशारीने दिली की त्याच दिवशी मला पाटावर बसवलं.

"दीदी, नाम और गोत्र," पंडितजी पुन्हा म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघितलं. "जोड़े से नहीं?" मी म्हटलं नाही. ते जरासे घुटमळले, तर मागून शालिग्रामकाकांचा आवाज आला, "एकटीच बसन ते. देवाले चालते, पंडितजी, तुमीच आटपा." लोक हसले. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "लाजतं काहून व पोट्टे? हात सरळ धर, पानी सांडन." बेचाळीस वर्षांची बाई मी, केसांना मेंदी लावते, आणि या एका माणसाच्या तोंडी मी अजून पोट्टी. मला ते आवडायचं. आजही आवडलं, खोटं कशाला बोलू. मी हात सरळ धरला. पंडितजी संकल्प म्हणायला लागले. देश, काळ, नदी, संवत्सर असं दुरून दुरून येत तो संकल्प आपल्यापर्यंत पोचतो. पाणी बोटांच्या फटीतून गार गार मनगटाकडे यायला लागलं आणि माझं मन नको तिथे गेलं.

मी इथे आले ते नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं त्या वर्षी. आधी नोकरी लागली, मग राज्य झालं. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले, जयस्तंभ चौकात रात्रभर फटाके, आणि दुसऱ्या सकाळी उरल्याच्या बसमध्ये कंडक्टर ऐटीत म्हणाला, "चलो भई, अब राजधानी में काम करने चलो." बस तीच, धूर तोच, पण सगळे उगीच सरळ बसले होते. मीही. बाबा रेल्वेतले, त्यांना तेव्हा पहिला झटका येऊन गेला होता. ते अंथरुणावरून म्हणाले, "दोन वर्षं कर बाई, अनुभव घे, मग चांगली मोठी जागा बघ. आता राजधानी झाली, सगळं इथेच येईल." आणि आलं की सगळं. मंत्रालय आलं, बँकांची मोठी ऑफिसं आली, मॉल आले, आमच्या शाळेतल्या मुली कुठल्या कुठे लागल्या. मी दोन वर्षांची वाट बघत उरल्याला जात राहिले. बाबांना दुसरा झटका आला, मग ते गेले, मग आईला एकटं कसं ठेवायचं, भाऊ हैदराबादला. ही सगळी कारणं खरी होती. कोणी तपासली तर एकेक कारण पक्कं निघेल, मी केमिस्ट आहे, मला कळतं. पण खऱ्या कारणांची चळत कितीही उंच केली तरी मागे काहीतरी उरतंच, आणि ते काय आहे हे मला तळव्यावर पाणी घेऊन बसल्यावर कळावं, याचा मला राग येत होता.

पहिल्या दिवशी मिलमध्ये बायकांना बाथरूम नव्हतं. बाई यायची असते हेच कोणाला सुचलं नव्हतं. लॅबमागच्या एका खोलीला तात्पुरतं करून दिलं, तिला कडी नाही. मी दुपारपर्यंत पाणी न पिता बसले. कोणाला सांगणार? सगळे पुरुष, आणि मी नवीन. नवीन असणं म्हणजे काय ते मला त्या दिवसाने शिकवलं. पाण्याचा माठ कुठे आहे ते माहीत नसतं, डबा कुठे उघडायचा कळत नाही, हसायचं की नाही, किती हसायचं. आपलं शरीरच एक अडचण होऊन बसतं. तिसऱ्या दिवशी बघते तर त्या दाराला आतून ही एवढी लोखंडी कडी, तिजोरीला शोभावी अशी. कोणी लावली कोणी सांगेना. शालिग्रामकाका भट्टीकडून जाता जाता न बघताच म्हणाले, "पानी पेत जा व, गरमीचे दिवस हायेत." मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन पोटभर पाणी प्यायले. मला वाटतं मी तेव्हाच ठरवून टाकलं की आता पुन्हा कुठे नवीन व्हायचं नाही. बाबांना दोन वर्षं म्हणत राहिले तो सगळा देखावा. कारणांच्या मागे उरत होतं ते हेच होतं, आणि किती फालतू होतं! माठ कुठे आहे ते माहीत नसण्याची भीती.

भाचा पुष्कर दिवाळीत येतो, हैदराबादला असतो. त्याला मराठी समजतं पण तो उत्तर हिंदीतच देतो. "आत्या, दो साल से ज़्यादा कौन रुकता है एक जगह? लोग समझते हैं इसको और कहीं मिलता नहीं." मी त्याला म्हणायचे, अरे तुमचं काम कॉम्प्युटरवर, आज इथे उद्या तिथे. माझं तसं नाही. भट्टीतून नमुना येतो, तो मी ड्रिलने भुगा करते, तोलते, ॲसिडमध्ये विरघळवते, थेंब थेंब सोडत रंग कधी बदलतो ते बघते, आणि मग भट्टीवाल्यांना सांगते मँगनीज कमी आहे, टाका. मी सांगेपर्यंत लोखंड ओतत नाहीत. समजतंय का पुष्कर, वितळलेलं लोखंड माझ्यासाठी थांबतं! आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मी दोन दिवस नव्हते, तर सेठने सगळे नमुने माझ्या टेबलावर ओळीने ठेवून दिले होते, दीदी आएँगी तब देखेंगी. आता मशीन मिळते, नमुन्यावर ठिणगी पाडली की मिनिटात सगळे आकडे. शेजारच्या दोन्ही मिलमध्ये आली. आमच्याकडे नाही, कारण आमचा सेठ चिक्कू. असं मी सगळ्यांना हसून सांगायचे आणि मनातून खूश असायचे. रोज संध्याकाळी घरी जाताना वाटायचं, आपण नसतो तर यांचं काय झालं असतं. या वाटण्यावर मी जगले. पगारावर जगले असते तर केव्हाच सोडलं असतं.

नया रायपुरात मुलाखतीला गेले ती आईला डॉक्टरकडे न्यायचंय असं खोटं सांगून. रस्ते इतके रुंद की माझी स्कूटी त्यावर एकटीच, दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि मधेच काचेची इमारत. लॅबमधली सोनिया नावाची मुलगी, मुलगीच ती, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, मला सगळीकडे हिंडवून दाखवत होती. एका टेबलाशी मी थांबले. तिथे थेंब सोडायचं एक काचेचं ब्युरेट जरासं तिरकं लागलं होतं. मी न विचारता ते सरळ केलं, स्क्रू आवळला, आणि मग ओशाळले. सोनिया म्हणाली, "मैम, यही तो चाहिए हमको." किती दिवसांत मला कोणी काही चाहिए म्हटलं नव्हतं. परत येताना मी स्कूटीवर मोठ्याने गात होते. ऐकायला गवतच होतं. आणि घरी पोचून आईला म्हटलं, पूजेनंतर सांगते म्हटलंय. आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पूजेनंतर काहून? पूजा झाल्यावर तू काय वेगळी होऊन राहिली काय?" मी तिच्यावर चिडले. तुला नोकरीतलं काय कळतं म्हटलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"...वर्षपर्यन्तं," पंडितजी म्हणाले, आणि मग हिंदीत, "दीदी, अब कहिए, साल भर मैं इस कलश की सेवा करूँगी, और जल छोड़ दीजिए." समोर ताम्हन होतं. पलीकडे सेठ हात जोडून उभे, त्यांच्या मागे सगळी मिल, आंघोळी करून तेल लावून आलेली, डोळे मिटून. एवढंसं पाणी पण जड झालं होतं. बोलून टाक, माझं मन म्हणालं, बोलून टाक, एक वर्ष तर आहे, पुढच्या पूजेला बघू. किती ओळखीचं होतं ते मन! त्याच आवाजात ते आजवर माझ्याशी बोलत आलं होतं, समजूतदार, घरच्यासारखं. आणि मला एकदम दिसलं की पुढच्या वर्षी याच पाटावर मी, त्याच्या पुढच्या वर्षी मी, आणि मग एक दिवस मी काकांसारखी पाहुणी म्हणून नारळ सोडायला येईन. मी म्हटलं, "पंडितजी, रुकिए." आणि हात उलटा केला. पाणी ताम्हनात नाही, माझ्या साडीवर सांडलं. सुपारी घरंगळत सेठच्या पायाशी गेली.

"अरे अरे दीदी!" पंडितजी ओरडले. मी उठून उभी राहिले. गुडघा आखडला होता, त्यामुळे नीट उभंही राहता येईना, असा सगळा तमाशा. मी सेठला म्हटलं, "सेठजी, मैं नहीं बैठ सकती. मैं जा रही हूँ. दूसरी जगह." माझा आवाज त्या बंद भट्ट्यांमध्ये केवढा तरी मोठा वाटला. मी तयारीत होते. ते रागावतील, समजावतील, निदान म्हणतील की दीदी, आपके बिना कैसे चलेगा. खरं सांगू, मी त्याच वाक्याची वाट बघत होते. ते म्हटलं असतं तर कदाचित मी पुन्हा बसलेही असते.

सेठने पायाशी आलेली सुपारी उचलली. मग त्यांचा चेहरा सैल झाला. पाहुणे उठल्यावर घरच्या माणसाचा होतो तसा. "अच्छा किया, बेटा," ते हळूच म्हणाले. "पहले बोलना था न! मैं तो खुद कब से सोच में था. मशीन का सौदा दो बार पक्का करके तोड़ा. आपका क्या होगा, यही सोचकर. बाहर की लैब से जाँच करवाते रहे, कि दीदी को बुरा न लगे." आणि ते हे चांगुलपणाने सांगत होते! आपण कसं सांभाळून घेतलं, हे मला कळावं म्हणून. बाहर की लैब से. म्हणजे माझे आकडे माझ्या टेबलावरून निघून कुठे जात होते? भट्टी कोणासाठी थांबत होती? सेठ वळून म्हणाले, "मारोती, चलो भाई, तुम बैठ जाओ. मुहूर्त निकल जाएगा." मारोती क्रेनवर असतो, माझ्यानंतर तोच जुना. त्याने शर्टाला हात पुसले, बायकोला खूण केली, ती बिचारी घाईघाईने पदर खोचत आली, आणि दोघं दोन पाटांवर बसली. पंडितजींनी नवं पाणी घातलं. देश, काळ, नदी, संवत्सर. सगळं पुन्हा सुरू झालं.

मी मांडवाबाहेर आले. शालिग्रामकाका माझी पर्स घेऊन मागोमाग आले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं, त्यांना माहीत होतं. "काका," मी म्हटलं, "तुम्हाले मालूम होतं?" त्यांनी नजर चोरली. हा माणूस भट्टीच्या तोंडाशी डोळे उघडे ठेवून उभा राहायचा, आणि माझ्याकडे बघेना. "मीच म्हटलं होतं सेठले," ते म्हणाले. "पयल्यांदा मशीन येऊन राहिली होती तवा. तुह्या बाबाचं नुकतंच झालं होतं. म्या म्हटलं, पोट्टी हाय तवर राहू द्या जी, कुठं जाईन ते. मंग सेठनं राहू देलं. मले वाटलं, भलं करून राहिलो."

भलं. मला वाटलं आता या माणसाचं काहीतरी फेकून मारावं, पण फेकायला माझी पर्सच होती आणि ती त्यांच्या हातात. एवढा राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही. ज्यांनी वाईट केलं त्यांचाही नाही. मी तावातावाने बोलले. माझ्या कामावर तुम्ही दया दाखवली म्हटलं. मला विचारायचं होतं, मी काय आंधळी पांगळी होते, मीसुद्धा शिकले असते ती मशीन, किंवा तेव्हाच गेले असते, तेव्हा मी तिशीची होते हो काका, तेव्हा मला कुठेही नवीन होता आलं असतं! बोलता बोलता रडायला लागले. आत आरती सुरू झाली होती, घंटा वाजत होत्या, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. मी तुम्हांला बापासारखं मानलं होतं असं काहीतरी मला म्हणायचं होतं, पण ते तसंच होतं, बापासारखंच तर केलं होतं त्यांनी, म्हणून म्हटलं नाही.

आरती संपली. आतून कोणीतरी प्रसादाचे द्रोण घेऊन आलं. काकांनी दोन घेतले, एक माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. जरा वेळाने मला त्यांची दया यायला लागली. ते गोंदियाहून उपाशी आले होते, म्हातारे दिसत होते, हात पुढे तसाच होता. मी डोळे पुसले. म्हटलं, "जाऊ द्या काका. झालं ते झालं. तुम्ही आधी खाऊन घ्या." आणि द्रोणाकडे हात नेला.

काकांनी द्रोण मागे घेतला. "नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "आत्ता खाऊ नको. आत्ता जाय. राग हाय तवर जाय, पोट्टे. राग उतरला का मंग तू जात नाहीस. मी पायलं हाय तुले." आणि माझी पर्स माझ्या खांद्याला अडकवून ते द्रोण घेऊन आत गेले.

मी स्कूटी काढली. गेटबाहेर लावून तिथेच उभ्या उभ्या सोनियाला फोन केला आणि म्हटलं, उद्यापासून येते.